पानात न मावलेल्या काड्या

आमच्या कारखान्यात मोजमापाची उपकरणं बनत. मायक्रोमीटर, व्हर्नियर, नाना तऱ्हेची गेजं. देशात कुणाला केसाची जाडी मोजायची झाली तर तो आमचं उपकरण हातात घेई. आम्हाला स्वतःला काही मोजायचं झालं तर मात्र समिती नेमावी लागे.

ही उपकरणं चकचकीत दिसावीत म्हणून त्यांना क्रोमचा मुलामा देत. ते काम प्लेटिंग शॉपचं. बंगळुरात मारतहळ्ळीच्या अलीकडे, तेव्हा जिथे नाचणीची शेतं होती, तिथे आमचं कंपाउंड होतं, आणि कंपाउंडच्या पार मागच्या कोपऱ्यात प्लेटिंग शॉप. जागा निवडताना वाऱ्याचा अभ्यास केला होता म्हणतात. वारा बाराही महिने जनरल मॅनेजरांच्या ऑफिसकडून प्लेटिंगकडे जात असे, उलटा कधी येत नसे.

त्या शॉपमध्ये संताजी क्रोमच्या टाकीवर होता. संताजी चामराजपेटचा. घराणं कित्येक पिढ्या बंगळुरात. घरात मराठी, दारात कन्नड आणि भांडणात दोन्ही. त्याची धाकटी बहीण सुनंदा ही आमच्या प्लॅनिंग खात्यातल्या अरविंदची बायको. अरविंद मूळचा साताऱ्याचा, इंजिनिअर, स्वभावाने मवाळ. इतका मवाळ, की ऑफिसातला पंखा जोरात फिरत असला तर तो पंखा कमी न करता कागदांवर पेपरवेट ठेवी.

क्रोमच्या टाकीत वीज सोडली की तिच्यातून बुडबुडे येतात, बुडबुड्यांबरोबर आम्लाची पिवळसर वाफ येते, आणि टाकीवर वाकलेल्या माणसाच्या नाकात ती जाते. यावर उपाय म्हणून कारखाना प्लेटिंगच्या प्रत्येक कामगाराला रोज अर्धा लिटर दूध आणि गुळाचा खडा देई. क्रोमच्या वाफेला दूध काय करतं हे वैद्यकशास्त्राला अजून नीट सांगता आलेलं नाही, पण मॅनेजमेंट आणि युनियन या दोघांनाही ते ठाऊक होतं. दोघांचं एकमत झालेली ती एकच बाब. दुसरा उपाय, म्हणजे टाकीवर वाफ ओढून घेणारा पंखा बसवणं, त्याचा अर्ज प्रक्रियेत होता.

चौऱ्याण्णव सालच्या एका रविवारी चामराजपेटच्या घरी जेवणं झाली. संताजीने सुनंदाच्या शिवणाच्या डब्यातून एक दोरा घेतला, ओला केला, उजव्या नाकपुडीत घातला आणि डावीतून बाहेर काढला. मुलांनी टाळ्या पिटल्या.

"बघा दाजी," संताजी दोरा इकडून तिकडून ओढत म्हणाला, "वेसण घालायची सोय झाली. आता फकस्त गाडीला जुंपायचं ऱ्हायलं."

"अण्णा, टाक तो दोरा," सुनंदा म्हणाली.

"अगं, दुखत न्हाई. आधी दुखायचं. मधला पडदाच गेल्यावर दुखंल काय?"

"दवाखान्यात काय म्हणाले?" अरविंदने विचारलं.

"नाकाला म्हणाले, परवागिल्ला, चालतंय, भोक हाय तेवढं हाय. छातीचं म्हणाले, टाकीवरनं बाजूला व्हा, न्हाईतर वर पंखा पायजे. यानंतर जे आत जाईल ते छातीत बसंल म्हणाले."

"मग दुसऱ्या शॉपला जा ना!"

"वीस-बावीस वर्षं टाकीवर गेली. मला आता लेथवर कोण उभं करून घेतंय? अन् मी हललो तर त्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी नाक येणार. पंखा बसवा म्हणावं. स्वल्प वारं खेळलं तर सरी होईल, नीट होईल सगळं."

रात्री घरी परतताना बसमध्ये सुनंदाने आधी तिकिटं काढली. मग म्हणाली, "अहो, तुम्ही तिथे एवढे इंजिनिअर. तुमच्या हातात काहीच नाही का?"

"माझ्या हातात फक्त स्टेटमेंट आहे," अरविंद म्हणाला.

"मग त्याचंच काहीतरी करा."

हे स्टेटमेंट म्हणजे दरमहा निघणारा सुरक्षेचा तक्ता. कुठल्या शॉपच्या हवेत काय किती आहे, याचे आकडे सेफ्टीवाले मोजून आणत आणि अरविंद ते संगणकावर चढवी. कारखान्यात वातानुकूलित खोल्या दोनच होत्या. एकीत जनरल मॅनेजर बसत, दुसरीत संगणक. खराब हवा दोघांनाही सोसत नसे.

प्लेटिंगचा आकडा दर महिन्याला तक्त्यात असायचा, खरा असायचा, आणि कुणी वाचायचं नाही. जी.एम. म्हणत, आकडे वाचायला मी माणसं ठेवली आहेत. ती माणसं म्हणत, वाचून काय करायचं हे जी.एम. ठरवतील. पण जी.एम.ना चित्रं आवडत. त्यांच्या खोलीत कारखान्याचा एक रंगीत आलेख लावलेला होता, वर वर जाणारा. तो कशाचा होता हे कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. तरी रोज पुसला जायचा.

अरविंदने ठरवलं, आकड्याचंच चित्र करायचं. संगणकावर आलेख वेगळा काढता येई, पण तो वेगळ्या पानावर छापला जाई, आणि आमच्या मीटिंगमध्ये वेगळी पानं चहाच्या कपाखाली जात. चित्र तक्त्यातच हवं होतं, आकड्याला चिकटून, त्याच ओळीत. त्याने लोटसचं, म्हणजे तक्ते करायच्या प्रोग्रॅमचं, पुस्तक चाळलं. त्यात एक सूत्र होतं: एक चिन्ह आणि एक संख्या दिली, की संगणक ते चिन्ह तितक्या वेळा एका चौकटीत लिहितो. पुस्तकवाल्यांनी ते पानावर रेघा मारण्यासाठी दिलं होतं. अरविंदने चिन्ह म्हणून उभी काडी घेतली आणि संख्या म्हणून शेजारच्या चौकटीतलं मोजमाप. कायद्याला चालेल तेवढं प्रमाण म्हणजे दहा काड्या, असं माप धरलं. आणि सूत्र खालपर्यंत उतरवलं.

प्रत्येक शॉपच्या नावापुढे, आकड्याच्या उजवीकडे, एकेका चौकटीत एकेक इवलासा आलेख उभा राहिला. रंगकामाला सहा काड्या. भट्टीला आठ. ओतकामाला अकरा, म्हणजे किंचित जास्त. प्लेटिंगला चौऱ्याहत्तर.

चौकट होती बारा अक्षरांची. पण लोटसचा स्वभाव असा, की मजकूर चौकटीत मावला नाही आणि उजवीकडची चौकट रिकामी असली, तर तो बिनदिक्कत शेजारच्या घरात पाय पसरतो. प्लेटिंगच्या काड्या शेजारच्या चौकटीत गेल्या, तिच्या पुढच्या चौकटीत गेल्या आणि पानाच्या कडेवरून बाहेर पडल्या. उरलेल्या काड्यांसाठी दुसरं पान छापून गोंदाने चिकटवावं लागलं.

मीटिंगमध्ये जी.एम.नी कागद उघडला. उघडला, मग आणखी उघडला.

"हे कोणी केलं?"

"मी, सर."

"मिस्टर अरविंद, वंडरफुल! ही चित्रं हाताने काढली?"

"नाही सर, सूत्राने. आकडा बदलला की काड्या आपोआप बदलतात."

"आपोआप!" जी.एम.नी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी आपोआप माना डोलावल्या. "आणि हे शेपूट कसलं?"

"प्लेटिंगचं, सर. हवेत क्रोम सातपट आहे. तिथल्या पंख्याचा अर्ज..."

"भयंकर आहे," जी.एम. म्हणाले. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते भयंकर वाटलंही. त्यांनी काड्यांवरून बोट फिरवत नेलं, ते टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. "एवढं आहे? मला कुणी बोललं कसं नाही? पुढच्या महिन्यात ही रेघ अशीच लांब आली तर पंखा. मी त्याच मीटिंगला सही करीन. लिहून घ्या."

लिहून घेतलं. अरविंद त्या संध्याकाळी कारखान्याच्या बसने न जाता रिक्षा करून थेट चामराजपेटला गेला. सुनंदा आधीच तिथे आली होती. संताजी म्हणाला, "म्हणजे पुढच्या महिन्याला पण हवा घाण ऱ्हायली पायजे म्हणा की!"

"तेवढं तुम्ही बघा," अरविंद म्हणाला. तो विनोद करी तेव्हा त्याला स्वतःलाच दचकायला होई.

"ते आमच्याकडे लागलं, दाजी. घाण कमी व्हायची न्हाई. आमचं काम पक्कं."

पुढच्या महिन्यातही हवेने शब्द पाळला. मोजमाप आलं अठ्ठ्याहत्तर काड्यांचं. अरविंदने तक्ता केला, फ्लॉपी जी.एम.च्या स्टेनो प्रतिमा यांच्याकडे दिली. या खेपेला तक्ता दिल्लीच्या मुख्य कचेरीलाही जायचा होता, कारण जी.एम.ना ही चित्रं दिल्लीला दाखवायची होती.

दिल्लीला जाणाऱ्या प्रत्येक तक्त्याला शेवटी शेऱ्याचा रकाना लागतो. तो नसेल तर तक्ता परत येतो. आणि रकाना असून एखादी चौकट रिकामी असेल तर तक्ता परत येतोच, वर मेमोही येतो. कारण रिकामी चौकट पाहून ऑडिटला वाटतं, इथे नंतर कुणीतरी काहीतरी लिहिणार आहे. प्रतिमा मूळच्या कारवारच्या, कामाला चोख. त्यांनी काड्यांच्या उजवीकडे रकाना आखला आणि प्रत्येक चौकटीत एकच शब्द लिहिला: सॅटिस्फॅक्टरी. तेरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेऱ्यात दुसरा शब्द लिहिलेला नव्हता आणि कुणी तशी मागणीही केली नव्हती.

आता लोटसचा स्वभाव आधी सांगितलाच आहे. शेजारचं घर रिकामं असेल तरच पाय पसरायचे. शेजारी बिऱ्हाड आलं की मजकूर मुकाट्याने आपल्या चौकटीच्या भिंतीशी थांबतो. कापलेला भाग आत शाबूत असतो. फक्त दिसत नाही, आणि छापत नाही.

मीटिंगमध्ये अरविंदने कागद उघडला. एकच पान होतं. रंगकाम सहा काड्या, सॅटिस्फॅक्टरी. भट्टी आठ, सॅटिस्फॅक्टरी. ओतकाम अकरा, सॅटिस्फॅक्टरी. प्लेटिंग बारा, सॅटिस्फॅक्टरी.

"बघा!" जी.एम. म्हणाले. "महिन्याभरात! नुसतं लक्ष घातलं की सुधारणा होते, मी नेहमी सांगतो."

अरविंद उभा राहिला. मीटिंगमध्ये तो पहिल्यांदाच उभा राहिला होता, त्यामुळे त्याला पाणी हवं असेल असं वाटून कुणीतरी ग्लास पुढे केला.

"सर, कमी झालेलं नाही. वाढलंय. शेऱ्यामुळे काड्या झाकल्या गेल्यात. खाली सगळ्या आहेत."

"खाली कुठे?" जी.एम.नी कागद उचलून खाली पाहिलं. खाली टेबल होतं.

"म्हणजे संगणकात, सर. चौकटीत."

"चौकटीत बारा आहेत. मी मोजल्या."

"सर, आकडा बघा ना. काड्यांच्या डावीकडे. तिथे खरा आकडा आहे."

जी.एम. दुखावले. "मिस्टर अरविंद, आकडे कुणी बघत नाही म्हणून चित्रं काढली, हे तुम्हीच मला समजावून सांगितलंत. आता चित्रं काढलीत, आणि म्हणता आकडे बघा!"

अरविंद खाली बसला. यावर काय बोलायचं ते आम्हाला कुणालाच सुचलं नाही. म्हणजे सुचलं असेल, पण प्रत्येकाची वार्षिक वेतनवाढ त्याच महिन्यात होती. पंख्याच्या अर्जावर जी.एम.नी लिहिलं, परिस्थिती सुधारल्याने तूर्त आवश्यकता नाही. तक्ता दिल्लीला गेला.

अरविंदने हार मानली नाही, एवढं त्याच्या बाजूने नोंदवायला हवं. तो प्रतिमांकडे गेला.

"एकच चौकट मोकळी सोडा. प्लेटिंगची."

"अरविंद सर, मोकळी चौकट म्हणजे मला मेमो. मला घरी सासू आहे, तिला मेमो म्हणजे काय ते कळतं."

"एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे हो."

प्रतिमा हळहळल्या. मनापासून. "मग असं करते, शेरा लहान लिहिते. नुसतं ओके. दोनच अक्षरं. काड्यांना जागा राहील."

"नाही राहत. एक टिंब टाकलं तरी कापतो तो."

"मग तुम्हीच सांगा काय लिहू. लिहायला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं."

अरविंदने त्या महिन्याला शेरा स्वतः लिहिला. प्लेटिंगपुढे लिहिलं: अनसॅटिस्फॅक्टरी, धोकादायक. कारखान्याच्या इतिहासात शेऱ्याच्या रकान्यात खरं लिहिण्याची ती पहिलीच वेळ. त्या खऱ्या शब्दांनीही काड्या तितक्याच कापल्या. जी.एम.नी कागद पाहिला आणि त्याला बोलावून घेतलं. चित्र आणि शेरा जुळत नाहीत, म्हणाले. ओतकामाला अकरा काड्या आणि सॅटिस्फॅक्टरी, प्लेटिंगला बारा आणि धोकादायक? एका काडीत एवढा फरक कसा पडेल? शेरा दुरुस्त करण्यात आला.

मग त्याने शेऱ्याचा रकाना डावीकडे हलवून पाहिला. नमुन्यात तो शेवटीच असतो, म्हणून तक्ता परत आला. काड्यांची चौकट रुंद करून पाहिली. तक्ता एका पानात मावेना, आणि दोन पानांचा तक्ता आता जी.एम.ना चालत नव्हता. शेवटी काडीचं मापच लहान केलं. तेव्हा प्लेटिंगच्या काड्या नीट मावल्या, पण बाकीच्या शॉपना एकेकच काडी उरली आणि तिथले फोरमन शिष्टमंडळ घेऊन आले, की आमचं काम काय एवढंसंच आहे का?

घरी सुनंदा विचारी, "तुमच्या त्या काड्यांचं काय झालं?"

"चाललंय."

"अण्णा रात्री बसून झोपतो आता. आडवं झालं की खोकला येतो. काल रुमालात रक्त होतं. वहिनीपासून लपवलं, मला दाखवलं. का, तर माझा नवरा ऑफिसात आहे म्हणून."

अरविंद संगणकाच्या खोलीत जाऊन बसे. कर्सर प्लेटिंगच्या चौकटीवर नेला, की पडद्यावर वरच्या कोपऱ्यात ते सूत्र आणि शेजारी खरा आकडा दिसे. खोली छान थंड असायची.

दिल्लीचं उत्तर आलं. चित्रमय तक्त्याबद्दल कौतुक होतं, इतर कारखान्यांनीही अशी पद्धत सुरू करावी आणि अरविंदने ती जाऊन शिकवावी असं होतं. अरविंद त्या वर्षी तीन गावांना जाऊन काड्या शिकवून आला. तो प्रत्येक ठिकाणी पहिल्याच तासाला सांगे, की उजवीकडची चौकट रिकामी ठेवा. प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न येई, की मग शेरा कुठे लिहायचा?

पत्राच्या शेवटी मात्र दिल्लीने एक शंका काढली होती. मर्यादा दहा काड्यांची असताना प्लेटिंगला सतत बाराच कशा? दोन काड्या कमी करण्याबाबत काय उपाय योजले, ते कळवावं.

जी.एम.नी ते फार मनावर घेतलं. दोन काड्यांसाठी दिल्लीचं बोलणं खायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी प्लेटिंग शॉपच बंद केलं. मुलाम्याचं काम बाहेर ठेकेदाराला दिलं, शॉपच्या लोकांना स्वेच्छानिवृत्ती दिली. तिच्यातली इच्छा जी.एम.ची होती. पुढच्या तक्त्यात प्लेटिंगची ओळच नव्हती, आणि सगळ्या काड्या आपापल्या चौकटीत होत्या.

त्या दिवशी अरविंदला बरंच वाटलं. पंखा नाही तर नाही, संताजी टाकीवरून उतरला. तो पेढे घेऊन चामराजपेटला गेला. वहिनींनी दार उघडलं, म्हणाल्या, हे कामाला गेलेत.

"कुठल्या कामाला?"

"टाकीवर. बेळ्ळंदूरला. ठेकेदारानं आपल्याच कारखान्याची टाकी लिलावात घेतली न्हवं. टाकीची खोड ह्यांना ठावी, म्हणून ह्यांनाच बोलावलं."

रविवारी अरविंद आणि सुनंदा बेळ्ळंदूरला गेले. तळ्याच्या बाजूला पत्र्याची शेड होती, छत इतकं खाली की संताजीला टोपी काढावी लागली असावी. मधोमध टाकी. पिवळी वाफ वर जाई, पत्र्याला लागे आणि परत खाली येई. इथे काही मोजायला कुणी येत नव्हतं, त्यामुळे इथे काही जास्त नव्हतं. कोपऱ्यात एका खोक्यावर टेबलफॅन होता. मुलामा दिलेले दुसऱ्या गिऱ्हाइकाचे नळ टांगून ठेवले होते, ते लवकर वाळावेत म्हणून तो नळांवर धरलेला. नळांच्या पुढे टाकी, आणि टाकीच्या पलीकडे संताजी. सगळी वाफ सरळ त्याच्या तोंडावर जात होती.

"या दाजी, या!" संताजी म्हणाला. आवाज घोगरा झाला होता. "बघा, शेवटी पंखा मिळाला."

अरविंद हसला नाही. सुनंदाने पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "अण्णा, चल घरी. आत्ताच्या आत्ता."

"एवढी खेप काढतो अन् येतो. मालक संध्याकाळी माल न्यायला यायचाय."

"तुझा मालक गेला खड्ड्यात."

"अय्यो, मालक गेला तर पगार कोण देतंय गं?" आणि त्याला खोकला आला. टाकीच्या काठाला धरून तो बराच वेळ खोकला. थुंकला, त्यावर पायाने माती ओढली, आणि पुन्हा टाकीवर वाकला.

सुनंदाने जाऊन पंखा बंद केला.

"लाव, लाव! नळावर डाग पडतील."

तिने तो लावला, पण खोक्यावरून उचलला आणि टाकीच्या पलीकडे, संताजीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. तिथून तोंड दाराकडे करून धरला. वायर जेमतेम पुरत होती. पंखा जुना लोखंडी, जड. वाफ डगमगली, वळली आणि दाराच्या दिशेने निघाली. अरविंद दारात उभा होता. तो बाजूला झाला.

"ठेव आता, हात भरतील," संताजी म्हणाला.

"तू कर तुझं."

"दाजी, सांगा हिला."

अरविंद आत आला आणि पंख्याची दुसरी बाजू त्याने धरली. संध्याकाळी माल जाईपर्यंत दोघं तशीच उभी होती. संताजीचे निम्मे नळ डागाळले आणि मालकाने ते परत टाकीत घालायला लावले.

पुढचे काही रविवार दोघं तिथे जात राहिली. बाकीच्या दिवशी पंखा खोक्यावर असे. एका सोमवारी संताजी टाकीवर वाकला तो उठला नाही. टाकीच्या कठड्यावरच होता, म्हणून निदान आत पडला नाही. दवाखान्यात त्याने आणखी काही दिवस काढले. श्वास मोजायला डॉक्टरांनी उशाशी एक यंत्र लावलं होतं, आणि ते यंत्र कागदाच्या पट्टीवर बारीक बारीक रेघा मारत होतं. अरविंद पलंगाच्या दुसऱ्या बाजूला, त्या यंत्राकडे पाठ करून बसे. सुनंदा वर्तमानपत्राची घडी करून भावाला वारा घालत असे. नर्सने सांगितलं, अक्का, वर पंखा चालू आहे, कशाला हात दुखवता? सुनंदा घालतच राहिली.